कर्नलचं पान

आमचे इतिहासाचे सर विद्यार्थ्यांना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी चांदीपचा, म्हणून मी 'चांदीप'. माझ्या शेजारी बसायचा तो 'जूचंद्र'. पुढच्या बाकावरची हिरा 'अर्नाळा'. एका गावचे दोघे निघाले तर सर त्यांना थोरलं आणि धाकटं करत, आणि हे थोरलं-धाकटं वयावरून नव्हे, मार्कांवरून ठरे. तीन वर्षांत त्यांना माझं नाव कळलं असेल असं मला वाटत नाही.

याच सरांना अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका खेडवळ परगण्यात दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या पाच पुरुषांची नावं पाठ होती. त्यांच्या बायकांची होती, सासऱ्यांची होती, एकाच्या घोडीचंही होतं. एक कर्नल, एक गव्हर्नर, एक न्यायाधीश, एक पाद्री आणि एक जमीन मोजणारा मोजणीदार. या पाचांशिवाय सरांच्या लेखी जगात फारसं कुणी जन्मलेलं नव्हतं. त्या परगण्याचं नाव मी इथे लिहीत नाही. सरांनी ते पुरेसं घेऊन ठेवलं आहे.

शिक्षकाबद्दल असं लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रोफेसर दिसला की दोन्ही हात जोडायचे, हे मला बाबांनी शिकवलं होतं, आणि मी सरांना दोन वर्षं मनापासून हात जोडले. म्हणून आता जे लिहितो आहे ते नुसत्या रागाने लिहितो आहे असं कुणी समजू नये. थोडा राग आहे, ते मी नाकारत नाही.

सरांना हे वेड कुठून लागलं, याची गोष्ट ते स्वतःच सांगत. तरुणपणी मुंबईत फुटपाथवर त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्या परगण्यातल्या थोर पुरुषांची चरित्रं. पुस्तक जाड होतं म्हणूनच त्यांनी ते उचललं असावं, असा माझा अंदाज आहे. ते त्या परगण्याबाहेर दुसऱ्या कुणी वाचलं असेल असं वाटत नाही, आणि परगण्यातही शंकाच आहे. पण सरांनी ते इतक्या वेळा वाचलं की शेवटी तेच त्या गावचे झाले आणि आम्ही सगळे परदेशी ठरलो. या पाचांवर ते पीएच.डी. करत होते. मी कॉलेजात गेलो तेव्हा करत होते, बाहेर पडलो तेव्हाही करत होते.

आमच्या अभ्यासक्रमात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला एक प्रकरण होतं. सर ते जूनमध्ये सुरू करत आणि सहामाहीपर्यंत कर्नल नदी ओलांडत असे. मग घाईघाईने म्हणत, "फ्रान्समध्येही काही गडबड झाली, ती गाइडमधून वाचा." फ्रान्स, रशिया, जपान, सगळं आम्ही गाइडमधून वाचलं. परीक्षेत मात्र प्रश्न फ्रान्सवर येई. सर म्हणत, विद्यापीठात इतिहास कळणारी माणसं उरली नाहीत.

एकदा त्यांनी वर्गाला वसईच्या किल्ल्यात नेलं. कॉलेजपासून किल्ला चालत जाण्याइतका जवळ, तरी जन्मभर वसईत राहून ते तिथे फारसे गेले नव्हते. आत शिरल्यावर पडक्या चर्चच्या कमानीखाली उभे राहून त्यांनी त्या परगण्याच्या कोर्टाच्या इमारतीचं वर्णन केलं. खांब किती, पायऱ्या कशा, न्यायाधीश कुठल्या दाराने येई. जूचंद्रने विचारलं, "सर, आणि ही आपण उभे आहोत ती इमारत कसली?" सरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "दगड आहेत."

जूचंद्र गावची माणसं रांगोळीसाठी प्रसिद्ध. म्हणून गॅदरिंगला सरांनी आमच्या जूचंद्रकडून कर्नलची रांगोळी काढून घेतली. समोर ठेवायला पुस्तकातलं बोटभर चित्र, तेही धुरकट. त्याने रात्रभर बसून काढली. कर्नल थोडासा आमच्या तालुक्याच्या मामलेदारासारखा दिसत होता. सर त्याच्यापुढे चपला काढून उभे राहिले.

माझे बाबा एकदाच कॉलेजात आले. पहिल्या वर्षी, दिवाळीनंतर, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. भाताची कापणी उरकून आले होते, अंगात धुतलेला सदरा होता. सरांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. विचारलं, "तुमच्या घराण्यात पूर्वी कोण होऊन गेलं?"

बाबा म्हणाले, "आजा व्हता माजा. त्याचा बाप व्हता."

"काय केलं त्यांनी?"

"शेती."

"म्हणजे कुणी नाही," सर म्हणाले आणि पायाने तांदळाची पिशवी टेबलाखाली सरकवली.

बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एसटीत बसल्यावर म्हणाले, "मानूस लई शिकलेला दिसतो. काय पन कलत नाय त्याचं बोलनं."

सर अविवाहित होते. त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, पिढीजात, आणि ती त्यांची थोरली विधवा बहीण सांभाळत असे. तिला सगळे आक्का म्हणत. सरांनी वाडीतल्या विहिरीला कर्नलच्या नदीचं नाव दिलं होतं, आणि केळीच्या वाफ्यांना त्या पाचांची. आक्का म्हणायची, "विहिरीचं बारसं झालं, आता गाळ कोन काढील ते सांग." सर ऐकून घेत, कारण स्वयंपाक तीच करत होती.

आता हिराबद्दल सांगायला हवं, कारण मला मुळात तेच सांगायचं आहे.

हिराचे वडील होडीवर जायचे आणि आई मासळी वाळवायची. त्यांच्या आळीत कॉलेजला आलेली ती पहिली मुलगी. आम्हा दोघांचं जमायचं ते बहुधा त्यामुळेच. पाऊस ओसरू लागला की अर्नाळ्यात बोंबील वाळत घालायची घाई असते. ऊन पडेल त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हाताला किनाऱ्यावर काम. त्यामुळे आकाश स्वच्छ असलं की हिरा वर्गात नसे, आणि आभाळ आलं की असे. सर म्हणत, "आज अर्नाळा आहे, म्हणजे पाऊस येणार."

ती बोलायला धीट होती. सरांची एक सवय होती. तास सुरू करताना ते पश्चिमेच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "समोर समुद्र. त्याच्या पलीकडे आपला परगणा." एकदा हिरा म्हणाली, "मदी आफ्रिका लागते, सर." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात सर कर्नलच्या मळ्यांचं वर्णन करत होते. तंबाखूची शेतं नजर पोचेल तिथवर, थेट नदीपर्यंत. त्या तंबाखूवर कर्नलने घर बांधलं, घोडे घेतले, मुलांना इंग्लंडला शिकायला पाठवलं. हिराने हात वर केला.

"सर, येवढी तंबाखू तोडायचं कोन?"

"तोडली जायची."

"पन कोन तोडायचं?"

"माणसं होती त्याच्याकडे."

"पगारी?"

मागून कुणीतरी हसलं. सरांनी पुस्तक मिटलं. "अर्नाळा, तू किनाऱ्यावर बोंबील टांगतेस. इतिहासात कुणी विचारलं ते कोण टांगतं?"

"मी टांगते, सर," हिरा म्हणाली. "म्हनूनच इचारलं."

ती गुलाम माणसं होती, विकत घेतलेली, हे मला नंतर वाचनालयात वाचून कळलं. सरांना ते अर्थात माहीत होतं. दोन वर्षं रोज कर्नल ऐकून हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आमच्याकडे लावणीला आणि कापणीला माणसं लागतात हे मला जन्मापासून माहीत होतं, तरी आला नव्हता.

त्यानंतर सरांनी हिराची टर्म अडवली. प्रत्येक सहामाही संपताना टर्म कार्डावर प्रत्येक विषयाच्या शिक्षकांची सही लागे. ती नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. बाकीच्यांच्या सह्या मिळाल्या, सरांनी कार्ड परत केलं. म्हणाले, हजेरी कमी आहे. कमी होती, खरं आहे. पण वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाची तिच्याहून कमी होती आणि त्याला सही मिळाली. त्याने उभं राहून पाचही थोर पुरुष क्रमाने म्हणून दाखवले होते. हिरालाही ते येत होते. सरांनी तिला म्हणूच दिलं नाही.

हिराच्या घरी आधीच ठरलेलं होतं. तिच्या मामाने मुलगा पाहून ठेवला होता. वडिलांचं म्हणणं, पोरगी पास होतेय तोवर शिकू दे, अडली की लग्न. टर्म जाणं म्हणजे अडणं. तिला शिक्षिका व्हायचं होतं, गावातल्याच शाळेत. बाकी फार मोठी स्वप्नं ती सांगत नसे.

चार वेळा ती सरांकडे गेली. चौथ्या वेळी सर म्हणाले, "माझी माफी मागून काय उपयोग? तू अपमान कर्नलचा केलास. सर्वपित्री अमावास्येला माझ्या घरी ये. त्याच्यासमोर माफी माग. त्याने पान घेतलं तर सही करीन."

मला वाटलं ते थट्टा करत आहेत. हिरा म्हणाली, "थट्टा त्यांना येत असती तर बरं झालं असतं." मग म्हणाली, "तू चल माझ्यासंगती."

अमावास्येच्या दिवशी आम्ही वाडीत पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. ऊन कडक होतं, आणि हिरा किनाऱ्यावर नसून इथे होती, याचा घरी काय बोभाटा झाला असेल कोण जाणे. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून तिच्या आईने तिच्याबरोबर आक्कासाठी सुक्या बोंबलांची पुडी दिली होती. आक्काने वास घेतला. "चांगले हायत. पन आज नको, उद्या करीन. ठेव तिथं वसरीवर."

विहिरीच्या कट्ट्यालगत सारवलेल्या जागेवर सरांनी केळीची पाच पानं ओळीने मांडली होती. पानावर भात, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, अळू. शिवाय प्रत्येक पानावर मक्याची भाकरी, कारण त्या परगण्यात मका खात. कर्नलला डुकराचं मांसही आवडे असं पुस्तकात होतं. पण सर म्हणाले, "माझ्या दारात ते शिजणार नाही. तेवढं त्याने समजून घ्यावं." सोवळं नेसून, उघड्या अंगाने, चष्मा सावरत ते प्रत्येक पानापुढे इंग्रजी नाव घेऊन पाणी सोडत होते.

मी आक्काला हळूच विचारलं, "आणि तुमचे बाबा?"

"त्यांचं पान मी मागल्या दारी वाढलं," आक्का म्हणाली. "कावला कवाच येऊन गेला. या पंगतीत त्यांना कोन बसू देतो."

माडांवर कावळे भरपूर होते. बसून खाली बघत होते. एकही उतरेना. सरांनी टाळ्या वाजवल्या, "काव काव" केलं. मग पद्धतीप्रमाणे पितरांना वचनं द्यायला सुरुवात केली. कुणाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून ती पुरी करायचं वचन द्यावं लागतं. सर म्हणाले, "गव्हर्नरसाहेब, तुमचं चरित्र मी मराठीत छापीन. न्यायाधीशसाहेब, तुमचं तैलचित्र कॉलेजात लावीन. मोजणीदार, वसईच्या एका रस्त्याला तुमचं नाव मागीन." पाद्र्याला काय द्यावं हे त्यांना सुचलं नाही. कावळे ऐकत होते.

मग ते हिराकडे वळले. "कर्नल रागावलाय. माग माफी."

हिरा पुढे झाली. मला ते बघवेना. तिने पानापुढे हात जोडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "कर्नलसाहेब, मी वर्गात इचारलं. चुकलं माझं."

ऊन चढत गेलं. खिरीवर माश्या बसायला लागल्या. कावळा काही आला नाही. सर म्हणाले, "मनापासून नाही मागितलीस." मग स्वतःशीच पुटपुटले की कर्नलला आणखी काय आवडत होतं ते एकदा पुस्तकात पाहायला हवं, आणि घरात गेले.

हिरा थोडा वेळ त्या पाच पानांकडे बघत उभी राहिली. मग तिने कडेला पडलेलं केळीचं एक कोरं पान उचललं, ओळीपासून जरा दूर, कट्ट्याच्या टोकाला मांडलं, भांड्यातला मूठभर भात त्यावर वाढला आणि ओसरीवरची पुडी सोडून दोन बोंबील ठेवले.

"कुनाचं गं ते?" आक्काने दारातून विचारलं.

"तंबाखू तोडायचे त्यांचं."

आक्का काय समजली मला माहीत नाही. म्हणाली, "वाढ. आज कुनाला उपाशी ठेवायचं नाय."

हिराने हात जोडले नाहीत, पाणी सोडलं नाही. नुसती मागे सरली. ती दोन पावलं सरते तोच माडावरून पहिला कावळा उतरला, बोंबील चोचीत धरला आणि उडाला. मागोमाग दुसरा. मग पाच-सहा जण त्या पानावर तुटून पडले.

कावळ्यांचा गलका ऐकून सर पुस्तक हातात घेऊन बाहेर धावले. त्यांनी कावळे पाहिले, ओळीतली पाच पानं पाहिली, त्यांना कुणी शिवलं नव्हतं, आणि मग टोकाचं पान पाहिलं. भात विखुरला होता, बोंबलाचं एक शेपूट उरलं होतं.

"हे पान कुणाचं?"

मी तोंड उघडलं. "सर, ते पान..." हिराचा पाय माझ्या पायावर पडला, चांगला जोरात.

आक्का पुडी पुन्हा बांधू लागली. सर त्या पानापुढे उभे राहिले आणि त्यांचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"माझीच चूक," ते म्हणाले. "मी त्याला पंगतीत बसवलं. पाद्र्याच्या आणि मोजणीदाराच्या मांडीला मांडी लावून. कर्नल तो. त्याला स्वतंत्र पान हवं होतं." मग शेपटाकडे बोट करून विचारलं, "काय वाढलं होतं?"

"बोंबील," हिरा म्हणाली.

"बरोबर. त्याचा मळा नदीकाठी होता. मासे!" सरांनी पुस्तक छातीशी धरलं. "कुठल्याही चरित्रकाराच्या हे लक्षात आलेलं नाही."

मी हिराकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. सरांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा दरडावून, "घेतलं ना त्याने? तू पाहिलंस ना?"

हिराने मान वर केली. मला तेव्हा वाटलं, आता ही सांगणार. वर्गात ज्या आवाजात तिने विचारलं होतं त्याच आवाजात सांगणार, आणि टर्म जाणार.

"हो सर," ती म्हणाली. "घेतलं."

सरांनी तिथेच कट्ट्यावर बसून, उघड्या अंगाने, तिच्या कार्डावर सही केली. वर म्हणाले, "अर्नाळा, पुढच्या वर्षीही बोंबील तूच आण."

हा प्रसंग त्यांनी पुढच्याच आठवड्यात वर्गात सांगितला. त्यात हिरा नव्हती, आक्का नव्हती. सर होते, कर्नल होता आणि कावळा होता. आमच्या मागून आलेल्या मुलांकडून मी ऐकतो की आता दर सर्वपित्रीला कर्नलचं पान निराळं मांडतात आणि त्यावर अर्नाळ्याचे बोंबील असतात. विद्यापीठाच्या पेपरात एका मुलाने कर्नलला सुकी मासळी प्रिय होती असं लिहिलं म्हणे, आणि त्याला त्याचे मार्क मिळाले नाहीत तेव्हा सर फार चिडले. तंबाखू तोडणाऱ्यांसाठी पान मांडल्याचं मी ऐकलेलं नाही. हिरा पास झाली. सध्या ती बी.एड. करते आहे.

त्या दुपारी आम्ही वाडीतून बाहेर पडलो तेव्हा एसटीच्या थांब्यावर कुणी नव्हतं. मला खूप काही बोलायचं होतं आणि ते नीट बोलता येत नव्हतं. शेवटी म्हणालो, "ते पान कर्नलचं नव्हतं."

"ठाऊक हाय मला. मीच मांडलं ना."

"मग सांगितलं का नाहीस? त्या माणसांचं जन्मभर त्यानेच खाल्लं. आज एक पान त्यांच्या नावाने वाढलंस, तेही त्यालाच गेलं. आणि तू हो म्हणालीस."

हिराने कार्ड उघड्या तळहातावर सपाट धरलं होतं. सरांचं शाईचं पेन फार गळायचं. सही जाड उमटली होती आणि ती त्यावर फुंकर घालत होती.

"बोलू नको," ती म्हणाली. "आधी ही वाळू दे."